बारका नट

कुपवाड,
ऑगस्ट १९९७

प्रिय प्रबुद्ध,

सप्रेम जयभीम. तू एव्हाना विश्रामबागेत सासुरवाडीला पोचला असशील, बाळाला खांद्यावर घेऊन मिरवत असशील आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा चहा टाकला असेल. मिरव बाबा. इकडे तुझी जीप आपल्या शेडसमोर उभी आहे. मागून टकटक येते, जरा बघून ठेव, असं तू जाताना म्हणालास. मी बघितलं, आणि तेव्हापासून माझं कामावर लक्ष नाही. लेथवर दोन बुश वाया घालवले. आई आतून विचारतेय, मशीन सारखं बंद का होतंय. उद्या सकाळी तू तिला, दीपमालाला, बाळाला आणि मावशीकडच्या सगळ्यांना जीपमध्ये भरून खंबाटकी घाटातून शिरवळला नेणार, तुमच्या नव्या खोलीत बुद्धवंदना करणार. आईनं पांढरी साडी इस्त्री करून आत्ताच उशाशी ठेवलीय.

मामा बोटीवर नोकरीला असताना त्यांनी आणलेली ती हातभर लांबीची रिमोटची गाडी आठवते ना? ती सरळ पळवण्यात तुला गोडी नव्हती. वळणावर तिला आडवी सरकवायची, पण गिरकी खाऊ द्यायची नाही, हेच तुझ्या डोक्यात. दर रविवारी आपण विश्रामबागच्या कॉलेजातल्या सिमेंटच्या कोर्टावर जायचो, आणि वॉचमन भाऊसो मला चिडवायचे की बाईमाणूस असून खेळण्याच्या गाडीमागं पळतेस. मी पाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या कड्या लेथवर कापल्या आणि रबरी टायर काढून चाकांवर बसवल्या. बॅटरी पुढं सरकवली. मागं बॉलपेनमधल्या स्प्रिंगा घातल्या. तरी मागचं एक चाक धरायचं, दुसरं सुटायचं. शेवटी मागच्या पेटीतले चिमुकले गिअर तूच एम-सीलनं गच्च भरलेस. वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं भरभर फिरू द्यायचं, एवढंच त्या गिअरांचं काम. ते बंद झालं आणि दोन्ही चाकं एकजीव झाली. मग काय ती गाडी फिरायची! लोण्यावरून सुरी जावी तशी. भाऊसोसुद्धा खुर्ची सोडून बघायला यायचे.

आज रिक्षात पाय ठेवता ठेवता तू ते सांगितलंस, आणि किती खुशीत सांगितलंस. "आक्का, चिखलात आता अडकत न्हाई बघ. मागची दोन्ही चाकं एकजीव करून घेतल्यात सिद्धूकडनं. आपुनच शोधलंय की हे." मी म्हटलं, अरे थांब, पेटी आधी उघडून बघू दे. तू हसलास. घाटातून आलो की आत्ताच, काय झालं का, असं म्हणून निघूनही गेलास. मग मी जीपखाली आडवी पडून झाकण खोललं. तुझ्या त्या सिद्धूनं गिअरांवर वेल्डिंग मारलंय. काम सफाईचं आहे, म्हणून तर जास्त राग येतो. वेल्डिंगच्या टाक्याला केसाएवढी चीर गेलीय. टकटक तिथूनच येतेय.

येताना तू एकटा होतास, म्हणून तुला काही जाणवलं नाही. दुपारी मी माळ्यावरून ती छोटी गाडी काढली आणि नवे सेल जोडले. पीव्हीसीच्या कड्या काढून जुने रबरी टायर चढवले. ती गाडी लाडात फिरायची ती त्या घसरत्या कड्यांमुळं, आणि तुझ्या जीपला कड्या नाहीत, एवढंच तू विसरलास. माणसांचं वजन म्हणून टपावर नटांची पिशवी बांधली. त्यात आईचा एक मोठा नट, दीपमालाचा एक, असं करत सगळ्यांचे टाकले. बाळाचा म्हणून सगळ्यात बारका. शेडच्या फरशीवर गाडी वळवली. ती वळेचना. नाकासमोर रेटत गेली, मग एकदम टायरनं फरशी धरली आणि गाडी कुशीवर पडली. मग फरशीवर पाणी ओतलं. या खेपेला तर ती सरळ जाऊन भिंतीवर आपटली. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, एकदा तरी नीट वळेल म्हणून. पिशवी फाटली, नट शेडभर गडगडले. ते गोळा करताना मला रडू आलं. बाकी सगळे सापडले. बारका नट अजून सापडलेला नाही.

घाटात आज धुकं होतं, रस्ता ओला होता, हे तूच सांगितलंस. खंडाळ्याच्या बाजूला उतरताना थांबवायला भिंतही नाही. मगाशी आई दारात येऊन जीपकडं बघत म्हणाली, "मायानं बघितलीया न्हवं? मग मी बिनघोर बसती." तिला सांगितलं असतं तर तिनं पीसीओवरून तुला बोलावलं असतं, तू येऊन तिला हसवलं असतंस, आणि ती तुझ्याच शेजारी जाऊन बसली असती. तुझ्या हसण्यापुढं या घरात कुणाचं काही चालत नाही. सकाळी समोर उभं राहून बोलायला गेले तर माझंही चालणार नाही, हे मला माहीत आहे. मला भीती वाटतेय, प्रबुद्ध.

म्हणून ही चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवतेय. तू सकाळी दीपमालाला घेऊन येशील तेव्हा आम्ही घरी नसू. आईला पहाटे उठवूनच सांगीन, आणि तिला घेऊन मी पहिल्या एसटीनं पुढं शिरवळला जातेय, मावशीलाही तसाच निरोप धाडलाय. तुम्ही तिघंही एसटीनंच या. किल्ली जागेवर आहे. इंजिन सुरू होईल, गिअर पडेल, पण जीप हलणार नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट मी उतरवलाय. तू तो परत जोडशील, म्हणून हॅक्सॉनं मधोमध कापला. रागाव, हवं तर वर्षभर बोलू नकोस. दोन्ही तुकडे मागच्या सीटवर ठेवलेत, दीपमाला बाळाला मांडीवर घेऊन बसणार होती तिथं.

तुझीच,
माया आक्का