काट्यावर आणखी कोण?

सोमवार, ७ एप्रिल
संताप! मिठबावच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये माझं ॲप बसून आठवडा झाला नाही, तोवर काटा खोटं बोलायला लागला. क्रेट काट्यावर ठेवा, टॅबवर बटण दाबा, वजन वायरवरून आपोआप येतं, लेबल छापून निघतं. एवढं सोपं. आज वीस किलोचा क्रेट टॅबवर ०.४ किलो! शेडची मालकीण किशोरीकाकी म्हणाली, "आंबे सुकान गेले तरी इतके हलके होवचे नाय." वर दम दिला, पुढच्या सोमवारी मुंबईची मोठी गाडी भरायची आहे, तोवर नीट झालं नाही तर ॲप काढून ठेव.
काढून ठेव म्हणे! पुण्याची नोकरी सोडून गावात धंदा काढला, त्याचं हे एकुलतं एक गिऱ्हाईक.
टॅबवर माझी बायको अक्षया बसते. तिला सांगितलं, बटण जरा हळू दाब. 
मी मात्र दिवसभर घरून फोनवर ॲडमिनच्या पानावर लाइव्ह वजन बघत होतो. दर सेकंदाला नवा आकडा. मालकाचं लक्ष असलं की चुका लगेच सापडतात.
संकल्प: चिडायचं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल
चिडलो. काट्याची वायर जोडून देणाऱ्या केव्हिनने मालवणहून येऊन ती बदलली. फरक शून्य. वर मलाच विचारतो, "ह्या काट्यार आणखी कोण बसलो आसा काय रे?"
मला शिकवतो! दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे दोन हात, एकाच वेळी एकाच वायरवरून आकडे ओढायला लागले, तर अर्धे याच्या हातात, अर्धे त्याच्या. हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण टॅब एक, म्हणजे थ्रेड एक. बाकी वापरणारं आहे कोण? मी युजर नाही, ॲडमिन आहे.
वायरवाल्यांनी वायरीपुरतं बोलावं. तसं तोंडावर सांगितलं. चहा न घेता गेला. जाऊ दे.

बुधवार, ९ एप्रिल, दुपार
सापडलं! लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, खरंच दुसरा कोणीतरी आहे. दर सेकंदाला येतो आणि अक्षयाचे आकडे पळवतो. नाव काय लावलंय? 'ॲडमिन'. उलट्या काळजाचा चोर, माझंच नाव!
पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड टाकून फोनवर पहारा लावून बसलो. पाच मिनिटांत हजर! पासवर्ड फोडला मेल्याने. केव्हिनवर संशय आहे. काल चहा न घेता गेला, त्याला कारण असणारच.

गुरुवार, १० एप्रिल
आंबोलीला मामेबहिणीकडे वास्तुशांत. फोनला रेंज नाही. जेवण बरं, पण जीव शेडमध्ये.
घरी आल्यावर अक्षया म्हणाली, आज एकही वजन चुकलं नाही. चोर घाबरला. मी दिसलो नाही की पाळत ठेवतोय असं वाटत असणार.

शुक्रवार, ११ एप्रिल
सकाळी फोन उघडला आणि पुन्हा तेच! हाताला लागला तर फोडून काढीन.
आता शेवटचा उपाय, लॉक. एका वेळी काट्यावर एकच थ्रेड, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. ॲडमिनचं पान उघडं असलं तर मात्र काटा त्याच्याच ताब्यात, पान बंद होईपर्यंत लॉक सोडायचंच नाही. मध्ये सोडलं तर चोर घुसेल. घरी टेस्ट केली. फर्स्ट क्लास. सोमवारपासून शेडमध्ये चालू. मीच मला शाबासकी दिली, इथे दुसरं कोण देणार?

सोमवार, १४ एप्रिल, दुपार
मोठा दिवस. तिकडे गाडी भरतेय आणि मी देवगडला. तिथे बाप्तिस्त यांची शेड आहे, त्यांना फोनवर मिठबावचं लाइव्ह वजन दाखवलं. २०.४५०! तासभर बघितलं, एका ग्रॅमचा फरक नाही. असा स्थिर आकडा मी जन्मात पाहिला नव्हता. बाप्तिस्त यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मध्ये मध्ये काकीचे फोन येत होते, कट केले. कौतुक संध्याकाळी ऐकीन.

मंगळवार, १५ एप्रिल
कौतुक नव्हतं.
अक्षयाने सांगितलं. पहिला क्रेट काट्यावर ठेवला आणि टॅबवर 'थांबा' आलं. तास गेला तरी 'थांबा'च. क्रेट तसाच काट्यावर, बायका उभ्या, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. शेवटी काकीने वायर उपटली, काट्यावरचे लाल आकडे वाचून लेबलं हाताने लिहिली. गाडी दिवेलागणीला सुटली, मुंबईचा सकाळचा बाजार हुकला.
मग तिने विचारलं, तेव्हा तुझ्या फोनवर काय उघडं होतं? म्हटलं, ॲडमिनचं पान. तिने लॉग उघडून 'ॲडमिन' या नावावर बोट ठेवलं. चोर सापडला: मीच.

शनिवार, १९ एप्रिल
काकीने वायर परत लावली. ॲडमिनचा पासवर्ड आता अक्षयाकडे. चार दिवसांत एकही चूक नाही. बाप्तिस्त यांनीही ॲप मागितलं. बसवायला अक्षया जाणार आहे.
मी काकीकडे गेलो होतो. म्हटलं, देखरेखीला माणूस लागेल. काकी म्हणाली, "ॲप बरा आसा रे. तू तेवढो नको."
अक्षयाला म्हटलं, वजन एकदा बघू दे, फक्त एकदा. नाही म्हणाली.
संध्याकाळी पुण्याला जुन्या ऑफिसात अर्ज पाठवला. धंदा का सोडला, या रकान्यात लिहिलं: 'प्रोजेक्ट यशस्वीरीत्या पूर्ण'.