आफ्रिकेचं प्रस्थान सिडकोत

आडगाव, नाशिक
गणपती उठले त्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेहुणा गोटीराम याचा आडवं पडून दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? टमाट्याची बांधणी उरकली का? सायखेड्याच्या मळ्यात एकटे राहता, रात्री गरम पाण्यानं शेकत जा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे आजारी कोणी नाही एवढंच. तुमच्या मळ्यात अजून फोनची तार आली नाही आणि तुम्ही टमाटे सोडून सिडकोतल्या घरी येत नाही, म्हणून हे पत्र गोरक्षच्या टेम्पोतून पाठवतो आहे. (आमची कोथिंबीर मार्केटला नेतो तोच गोरक्ष. तो पत्रं उघडून वाचतो. बाबा गोरक्ष, इथवर वाचलंच आहेस तर रिकामे क्रेट आठवणीनं परत आण.)

दाजी, मी आफ्रिकेला चाललो होतो. हसू नका. घरी केबल आल्यापासून जनावरांच्या चॅनेलनं माझ्यावर करणी केली आहे. जेवण झालं की मी टीव्हीसमोर, आणि टीव्हीत केनियाचं ते मोठं जंगल, मसाई मारा. सिंह, हत्ती सगळं बघितलं, पण माझा जीव जडला तो जिराफावर. एवढं उंच जनावर, पण कसलाही माज नाही. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, शेंड्याचा पाला खातं आणि लांबून गंमत बघतं. मला मरायच्या आधी एकदा जिराफ समोर उभा बघायचा आहे, बस. यंदा झेंडूनं हात दिला, तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका सहलवाल्याकडे जाऊन दोन नावं लिहून आलो, माझं आणि भागुबाईचं. भागुबाईला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला नाय बघायची जनावरं. घरात काय कमी हायेत का?" आणि माझ्याकडे बघून भाकरी थापायला लागली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच चिवड्याचे पोहे उन्हात घातले, म्हणजे होकार समजायचा.

मग मी तयारीला लागलो. सहलवाल्यानं सांगितलं होतं की भडक कपडे नकोत, मातकट हवेत. दुर्बीण घ्या आणि उघड्या जीपमध्ये उभं राहायची सवय करा. मी खाकी शर्ट-पँट शिवली, टोपी घेतली, भद्रकालीतून दुर्बीण आणली आणि रोज सकाळी गोरक्षच्या टेम्पोच्या हौद्यात उभा राहून शिवारात चक्कर मारायला लागलो. मोर दिसले, टिटव्या दिसल्या, शेजारच्या केरूची कुत्री दिसली. पण मी ज्यांना बघत होतो ते मलाही बघत होते हे ध्यानात आलं नाही. आग्रा रोड रुंद होणार म्हणून आमच्या गावात आधीच घबराट आहे. त्यात खाकीतला माणूस टेम्पोत उभा राहून दुर्बिणीतून जमिनी न्याहाळतो म्हटल्यावर गावानं काय ते ओळखलं: मोजणी आली! तिसऱ्या दिवशी केरूनं बांधावर बाया बसवल्या. झुंबरबाई विळा घेऊन टेम्पोला आडवी झाली आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी टोपी काढली, म्हटलं, अहो मी गोटीराम. तर म्हणाली, घरचा भेदी तूच का रे मुडद्या! गावाला आफ्रिका समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. अजूनही निम्मं गाव म्हणतं की जिराफाचं नाव पुढे करून हा सरकारला मिळालेला आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. खरी गोम पुढे आहे. सहल स्वस्तात का मिळाली, तर ती ऐन पितृपंधरवड्यात आहे. त्या दिवसांत आपला माणूस लांबचा प्रवास धरत नाही, म्हणून सहलवाला तेव्हा भाव पाडतो. मी म्हटलं, आपल्या पितरांनी कधी बैलगाडी सोडली नाही, ते मला विमानात कुठे गाठणार? पण भागुबाई अडून बसली, की अशा दिवसांत उंबरा ओलांडायचा तर मुहूर्त पाहिजे. त्र्यंबकच्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी पंचांग चाळलं आणि तोड काढली ती प्रस्थानाची. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू गाठोड्यात बांधायची आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या मुहूर्तावर निघालोच असं धरतात. तुम्हाला हे ठाऊकच आहे, तुमच्या वडिलांनी काशीला जाताना ठेवलं होतं. एकदा ठेवलेलं गाठोडं मात्र घरी परत आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं. मी विचारलं, गाठोड्यात ठेवू काय? गुरुजी म्हणाले, ज्याच्यावाचून प्रवास होणार नाही अशी वस्तू ठेवावी.

दाजी, तुम्हीच सांगा, परदेशच्या प्रवासात अशी वस्तू कोणती? दोघांचे पासपोर्ट हळदीकुंकू लावून, सुपारी-तांदळासकट पिवळ्या फडक्यात बांधले. इतकी अक्कल मी आयुष्यात एका जागी कधी वापरली नव्हती.

आता आफ्रिका आडगावच्या नैर्ऋत्येला. नैर्ऋत्येला आपलं माणूस कोण? तर सिडकोत तुमचं घर. भागुबाईनंच सुचवलं की वन्संकडे ठेवू. आम्ही गणपतीत गाठोडं लंकाअक्काच्या देव्हाऱ्यापाशी ठेवून आलो, तिच्या हातचे मोदक खाल्ले, आणि त्याच संध्याकाळी सहलवाल्याचा फोन आला की तिकिटं काढायची आहेत, शुक्रवारपर्यंत पासपोर्ट आणा, नाहीतर तुमच्या जागा दुसऱ्याला जातील.

मी उडालोच. धावत अक्काकडे गेलो, तर अक्का देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसलेली. म्हणाली, प्रस्थान मागे घेता येत नाही, माझ्या हातून अपशकुन होणार नाही. मी म्हटलं, अगं, ते घरी नेत नाही, कॉलेज रोडला नेतो. तर म्हणाली, कॉलेज रोड सिडकोच्या नैर्ऋत्येला नाही. (ते खरं आहे. दिशांच्या बाबतीत अक्काला कोणी हरवू शकत नाही.) मी पाया पडलो, पेढे नेले, तुमची शपथ घातली. तुमच्या शपथेला ती हसली, हे तुम्हाला सांगायला नको होतं. शेवटी पोटातलं ओठावर आलं. म्हणाली, लेकीच्या, मनीषाच्या बाळंतपणाला मस्कतला गेले तेव्हापासून माझा पासपोर्ट कपाटात पडून आहे, आणि सख्ख्या भावाला जंगलात न्यायला बायको आठवली, बहीण नाही आठवली. शिवाय आप्पांचं पितर त्याच दिवसांत येतं. बापाला उपाशी ठेवून लेक जिराफ बघायला चालला! मी म्हटलं, सर्वपित्रीला परत येऊन घालीन, गुरुजींनी चालेल म्हटलंय. त्यावर तिनं पदर डोळ्याला लावला. त्या पदरापुढे लहानपणापासून माझं काही चाललेलं नाही.

दाजी, मला खरंच फार वाईट वाटतंय. उद्या शुक्रवार आहे. तुमच्याशिवाय मला आता कोणी नाही.

कळावे, लोभाला टमाट्यासारखा काठीचा आधार द्यावा ही विनंती.

तुमचा
गोटीराम

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी, की दोन ओळींची चिठ्ठी अक्काच्या नावे लिहून गोरक्षच्या हाती लगेच परत पाठवा. ती तुमचं ऐकत नाही हे मला माहीत आहे, पण तुमचं अक्षर बघून निदान रागाची दिशा बदलेल.

ता. क. दुसरा. चिठ्ठी लिहू नका. गोरक्ष हॉर्न वाजवतोय तरी लिहितो. आत्ता सहलवाल्याचा फोन होता, की दोन्ही पासपोर्ट पोचले, तिकिटं निघाली. मला रडूच फुटलं. मग त्यानं नावं वाचून दाखवली: भागुबाई आणि लंकाबाई. अक्का सकाळीच जाऊन माझं नाव काढून स्वतःचं घालून आली. सहलवाला म्हणाला, बाईंनी सांगितलं की भावाला घरी पितर आहे. आफ्रिकेसाठी लागणारी पिवळ्या तापाची लस टोचायला आम्ही मुंबईला गेलो तेव्हा अक्का नुसती सोबतीला आली होती. परतताना तिचा दंड दुखत होता, तर मी एसटीच्या खिडकीला दोष देत होतो. भागुबाईला विचारलं, तर ती वर न बघता गवार मोडत म्हणाली, "वन्संला पण जिराफच आवडतो. तुमच्यासाठी फोटो आणू की." माझी खाकी टोपी तिनं बॅगेत भरलेली आहे.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं काम. आप्पांच्या पितराला आता घरात बाई माणूस नाही. येताना अळू आणि कारली आणा. वडे तुम्ही तळा, खीर मी बिघडवतो. भाऊबंदांना जेवायला बोलावतोच आहे. पत्र्यावर घास ठेवला की कावळा शिवायच्या आधी तुम्ही वडीलधारे म्हणून हात जोडून मोठ्यानं म्हणायचं, "आप्पा, मनात काही ठेवू नका. पुढच्या वर्षी गोटीरामला आम्ही आफ्रिकेला पाठवू." मग कावळा शिवला की चार माणसांसमोर वचन पक्कं, आणि आप्पांना दिलेला शब्द मोडायची अक्काची छाती नाही. फक्त जरा चपळाई करा. आमच्याकडचे कावळे हावरे आहेत, कोणाची इच्छा विचारत थांबत नाहीत. तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत मी शिडीवर चढून त्यांना हाकलत राहीन.