घोडीसाठी पाहिलेलं घर

बाबा, जिवंत होतास तोवर तुला 'तुम्ही' म्हणत आले. आता 'तू' म्हणते. तिकडे कोणाला राग येत असेल तर येऊ दे. तू गेलास तेव्हा जेवढा होतास, त्याच्यापेक्षा मी आज वयानं जास्त आहे, म्हणजे आता मोठी मीच. तुला गोड काही लिहायचं नाही हे आधीच सांगते. गेल्या आठवड्यात नातीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो. बैठकीत सगळे पोहे खात बसले आणि मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. मुलाच्या काकूजवळ बसून लसूण सोलला आणि सोलता सोलता विचारलं, सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, पाणी कोण भरतं, पुरुष माणसं घरात आली की आवाज कोणाचा बंद होतो. परत येताना नात म्हणाली, "आजी, हे तुले कोनं शिकवलं वो?" मी म्हटलं, "घोडीनं." ती खूप हसली. मला हसू आलं नाही. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

घोडीनं नाही, तू शिकवलंस. पण तुझं नाव नातीसमोर चांगल्या कामासाठी घ्यायला माझी जीभ वळली नाही. तिला काय सांगू? की माझा बाप वरठीच्या स्टेशनावरून भंडाऱ्याला टांगा चालवायचा, पहाटे उठून आधी घोडीला खरारा करायचा आणि मग मला हाक मारायचा? आई मी लहान असतानाच गेली. घरात तू, मी आणि ती घोडी. घोडीचे चणे आदल्या संध्याकाळी भिजत पडायचे, माझी भाकर मात्र कधी झाली तर झाली. तिच्या डोळ्यांवरची झापडं तू दर रविवारी तेल लावून मऊ करायचास. माझी चप्पल तुटली तेव्हा म्हणालास, "पायानं चालनं होते, चपलीनं नाई." चाबूक होता तुझ्याकडे, पण तो हवेत वाजवायला. घोडीच्या अंगाला तो कधी लागला नाही. मला दोनदा लागला, तुला आठवत नसेल, मला आठवतो.

माझं लग्न तू टांग्यात ठरवलंस. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू टांग्यावरून सोयरीक जमवलीस. शहापूरचा एक म्हातारा स्टेशनावर उतरला, तुझ्या बाजूला पुढच्या पाटीवर बसला, आणि भंडारा येईपर्यंत त्याच्या पुतण्याला मी दिलेली होते. पुतण्याला कारखान्यात नोकरी होती, पक्की. तेवढं ऐकलं आणि झालं. घरी येऊन घोडी सोडता सोडता मला सांगितलंस, "चांगलं घर आहे. जमवलं." मी सतरा-अठरा वर्षांची. विचारलं, "तुम्ही पाह्यलं काय घर?" तर म्हणालास, "घराले काय पाहाचं? घर घरच रायते." साक्षगंधाला गेलास ते ओट्यावर बसून चहा पिऊन आलास. आत पाय ठेवला नाहीस. आत्या होती, तिला नेलं असतंस तर ती चुलीपर्यंत गेली असती. तिला तू नेलं नाहीस, कारण ती बोलते फार.

त्या घरात काय होतं ते तुला मी सांगितलेलं आहे, पुन्हा नाही सांगत. पावसाळ्यात चुलीत पाणी शिरायचं, पाणी भरायला दूरच्या विहिरीवर जावं लागायचं, हे काही मोठं नाही, सगळ्या बायांचं तेच होतं. पण नवऱ्याचा पगार झाला की त्या दिवशी मी कोणत्या कोपऱ्यात उभं राहावं हे मला दोन वर्षांत पाठ झालं होतं. सासू ते पाहायची आणि वाती वळत राहायची. शेवटी एका सकाळी मी निघाले आणि तुझ्याकडे आले. पायी. तू दारात घोडीच्या चण्यांचा तोबरा हातात घेऊन उभा होतास. माझी पाठ दाखवली तुला. तू पाहिलीस. मी रडत विचारलं, "बाबा, कसं घर पाह्यलं हो तुम्ही?" आणि तू खाली पाहून म्हणालास, "बाहीरून त बरंच दिसत होतं."

दोन दिवस ठेवलंस. तिसऱ्या दिवशी टांगा जुंपलास. "दोन दिवस राह्यली, झालं. लेक दिली का दिली. लोकं तोंडात शेन घालतीन माह्या." त्याच घोडीच्या मागे बसवून मला परत नेऊन सोडलंस. रस्त्यात चढ लागला तेव्हा तू खाली उतरलास, घोडीला ओझं होऊ नये म्हणून. तिच्या मानेवर हात ठेवून चाललास. मागे वळून एकदाही पाहिलं नाहीस. हे मी आजही माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

मग सहा-सात वर्षं तू माझ्या दारात आला नाहीस. ऑटो आले, मिनी डोअरच्या गाड्या आल्या, स्टेशनावरचे टांगे एक एक करून बंद पडले. आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक दिवस तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास. मला वाटलं, बापाला लेक आठवली. कायची आठवते! पाणी प्यायलास आणि म्हणालास, "घोडी बुढी झाली. माह्यानं आता तिचं होत नाई. कोनाकडे चांगल्या घरी ठेवाची आहे. खुराकाचे पैसे मी देत जाईन. पन घर चांगलं पाहिजे." मग थोडं थांबून, "तू चाल माह्यासंगं. मानसं बाहीर गोडगोड बोलतेत. खरं काय ते चुलीजवळच्या बायाच सांगतेत. तू अंदर जाऊन पाह्य."

बाबा, त्या वाक्यावर मी तुला पितळी फेकून मारायला हवी होती. म्हणजे तुला येत होतं! घर कसं पाहावं हे तुला कळत होतं! चूक माझ्या बाबतीत केलीस आणि त्यातलं शहाणपण घोडीच्या कामी आलं. पण मी गेले. नवऱ्याला सांगितलं, बाबांसोबत जाते, आणि पदर खोचून निघाले. का गेले ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पहिलं घर शहापूरच्याच बाजूला, हायवेला लागून. मोठं अंगण, जनावरांचा बांधलेला कोठा, मालक हसतमुख. आत त्याची सून भांडी घासत होती. ती म्हणाली, मामंजी लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाहून राहिले. बाहेर येऊन तुला सांगितलं. तू मालकाला रामराम केलास आणि रस्त्यात म्हणालास, "बँड वाजला का ते थरथर कापते. या वयात तिले नाचवाची हाय का?" दुसऱ्या घरी तू स्वतःच कोठ्यात शिरलास, ओणवा होऊन जमिनीवर हात फिरवलास. ओल होती. "खूर सडतीन," म्हणालास, आणि झालं. माझ्या चुलीत शिरलेलं पाणी मला आठवलं. तू रस्ताभर मला सांगत होतास की म्हाताऱ्या घोडीचे दात झिजतात, तिला धानाची तनस चावत नाही, तुरीचं कुटार मऊ करून द्यावं लागतं, दुपारचं पाणी कोण पाजतं ते आधी विचारावं. एवढं तू माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हतास. मी ऐकत चालले होते आणि आतून जळत होते.

तिसरं घर करडी गावाकडचं. धानाची शेती, घराच्या मागे पाण्यानं भरलेली बोडी, लहान तळंच, तिच्या काठावर चिंचेची सावली. कोठा उंचावर, कोरडा. मालक मितभाषी, अंगानं मजबूत, तुला पाहून उठून उभा राहिला. म्हणाला, "काम नाई सांगत आपन तिले. चरन अन् पानी पीन. बसून खाऊ द्या बुढीले." तुझा चेहरा उजळला. बोडीचं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतलास. कोठ्याचा उतार पाहिलास, दाव्याची लांबी पाहिलीस, त्याच्या बैलाच्या मानेवर हात फिरवलास. मग मला डोळ्यानं खूण केलीस, अंदर जा. मी आत गेले. त्याची बायको तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते, आधी तुझं होऊ दे.

बाहेर आले तेव्हा तू चिंचेखाली उभा होतास, टोपी हातात. म्हणालास, "काय म्हनतेस? तू म्हनशीन तसं." मी म्हटलं, "चांगलं घर आहे, बाबा. जमवा."

चार दिवसांनी तू तिला चालवत नेऊन सोडलंस. टांग्याला न जुंपता, बाजूनं, लगाम धरून. तिचं अंग घासायचा खरारासुद्धा त्यांना देऊन आलास. आठ दिवसांनी पाहायला जायचं ठरवलं होतंस, पण पाऊस लागला, रस्ते चिखलात गेले आणि तुला ताप आला. महिना गेला असेल. एका सकाळी वरठीला ऑटोवाले ओरडायला लागले, "बुढ्याची घोडी आली, बुढ्याची घोडी!" जिथे तुझा टांगा उभा राहायचा तिथे ती येऊन उभी होती. एकटी. गळ्यात तुटलेलं दावं. पाठीवर हातभर लांब जखम, तिच्यावर माशा. पायाला दोरीचा काच पडलेला. मागून कळलं, धानाची पोती तिच्या पाठीवरून मिलला नेत होते ते लोक, आणि बसली की मारत होते.

मला निरोप आला, मी आले. तू अंगणात हळद-तेल घेऊन तिच्या पाठीला लावत होतास. तापानं तूही अर्धा झाला होतास. शेजारचा म्हणाला, "आता कुठं पाठवता हिले?" तू त्याच्यावर असा ओरडलास, "आली त आली! आता माह्या दारातून हे कुठं जात नाई! मी उपाशी राहीन, पन हे जानार नाई!" मी तिथेच उभी होते, बाबा. मीही अशीच पायी आले होते. माझ्याही पाठीवर तेच होतं. मला तिसऱ्या दिवशी जुंपलेल्या टांग्यात बसवलंस.

मग तू मला विचारलंस. ओरडून नाही, हळूच. "तू त अंदर गेली होती ना वो?"

मी म्हटलं, "बाहीरून त बरंच दिसत होतं."

तुझा हात घोडीच्या पाठीवर थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग पुन्हा तेल लावायला लागलास. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. घोडी दीडेक वर्ष जगली, तिच्यामागून तूही गेलास. मी येत होते मधून मधून. मला पाहिलं की ती पुढे यायची, ओठांनी माझा तळवा चाचपायची, चणे आहेत का म्हणून. मी हात मागे घ्यायचे. तुला वाटायचं, मला तिची घाण वाटते.

आता ते स्वयंपाकघर. ती बाई तांदूळ निवडत होती, वर न पाहता म्हणाली, "तुमी कोन? त्या घोडीची मालकीन काय?" मी म्हटलं, मालकाची लेक. तिनं दाराकडे पाहिलं आणि चोळीची बाही वर केली. दंडावर निळं-काळं होतं. म्हणाली, "माह्या घरी जनावर टिकत नाई, बाई. दोन बैल मेले याच्या हातानं. माहं जाऊ द्या, मले कुठं जागा नाई. पन ते मुकं जनावर हाय. ठेवू नोका इथं. तुमच्या बाबाले सांगा." माझा हात धरून सांगितलं तिनं. सगळं खरं सांगितलं, जसं तू म्हणाला होतास तसंच, चुलीजवळच्या बाया खरं सांगतात. मी मान हलवली, उठले, बाहेर आले आणि तुला सांगितलं, चांगलं घर आहे. मला तुला शिकवायचं होतं. एकदा, फक्त एकदा तुलाही कळू दे, दुसऱ्याच्या शब्दावर आपलं माणूस कुणाच्या घरी सोडणं म्हणजे काय ते. तुला कळलं. पण पाठ सोलली ती घोडीची.

हा कागद मी कुठे टाकणार नाही. तू नंतर करडीहून परत आणलेला तो खरारा माझ्याकडेच आहे, पत्र्याच्या पेटीत, त्याच्याखाली ठेवून देईन. तुझी माफी मागण्यासाठी हे लिहिलं नाही. तुझा राग होता, आहे, आणि त्यात एक कणही कमी झालेला नाही. फक्त एक गोष्ट मला आजवर कुणाला सांगता आली नाही. चिंचेखाली टोपी हातात घेऊन तू उभा होतास ना, तेव्हा मी नुसतं "इथं नको, बाबा" म्हटलं असतं, तर तू घोडीला तिथं सोडलं नसतंस. सगळ्या आयुष्यात त्या एका दिवशी तू माझं ऐकणार होतास, आणि ते मला माहीत होतं.