माणकाची जागा

संचालकसाहेब,

"दबावाशिवाय हिरा घडत नाही," हे तुमचं लाडकं वाक्य काल तुम्ही माझ्या नव्या विद्यार्थिनीला सगळ्यांसमोर ऐकवलंत. परिषदेआधी निकाल हवा म्हणून तुम्हीच तिच्या मागे लागला होतात. तिने घाईघाईने दाबाचे स्क्रू आवळले आणि स्फटिकाचा चुरा झाला. आज सकाळी ती मला म्हणाली, "मॅडम, मला हे जमणार नाही. मी घरी जाते."

साहेब, आमच्याकडे हिरे घडवत नाहीत. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये मिठाच्या कणाहून लहान स्फटिक दाबतात आणि आतली रचना कशी बदलते ते बघतात. दाब जरासा वाढवायचा, थांबायचं, मगच पुढे जायचं. स्फटिकाशेजारी माणकाचा एक कण ठेवतात. तोही तेवढाच दाब सोसतो, आणि प्रकाश टाकला की त्याच्या लकाकीच्या रंगावरून दाब किती ते समजतं. बाहेर बसून ते कुणालाच कळत नाही. माझ्या केबिनमध्ये बसून मलाही कुठे कळलं?

मी तिला म्हटलं, "खुशाल जा, पण आधी एक स्फटिक नीट बसवून जा. मी शेजारी बसते." दुपारपर्यंत तिने स्फटिक नीट बसवला. संध्याकाळी तिनेच विचारलं, "उद्या किती वाजता?"

उद्यापासून माझं टेबल विद्यार्थ्यांच्या खोलीत असेल. परवानगी मागायची नाही, म्हणून हे पत्रही पाठवायचं नाही. ती खोली तुमच्या केबिनच्या बरोबर वर आहे. टेबल चांगलंच जड आहे. उचलायचं नाही, ओढत न्यायचं ठरलंय.

कालपर्यंत आपली आज्ञाधारक,
प्रयोगशाळेतली बाई