बंबावरचं सील

२ बहमन १३४७ फसली
निजाम सरकारच्या आमच्या तहसिलीत गिरदावराची जागा रिकामी होते आहे. तहसीलदारसाहेब आज सर्वांसमोर मला म्हणाले, नानासाहेब, यादीत तुमचं नाव वर आहे, पण आधी गुडघे दुरुस्त करा. गिरदावराला महसूल तपासायला घोड्यावरून गावं फिरावी लागतात. हे ऐकून सरदारखान हसला. यादीत तो माझ्या खालोखाल, कचेरीत माझ्या शेजारच्या मेजाशी बसतो आणि राहतोही आमच्या घराच्या भिंतीपलीकडे. का हसला, ते शोधलं पाहिजे.

३ बहमन
उस्मानपुऱ्यात हकीम नूरमोहम्मदांकडे गेलो. नाडी बघून म्हणाले, चालीस रोज गरम पानी से नहाव, घुटने खुलते, नींद अच्छी आती, हाजमा भी सुधरता. औषध काहीच दिलं नाही. औषध न देणारा हकीम आजवर पाहिला नव्हता. चौकशी केली. त्यांच्या मेहुण्याची जळाऊ लाकडाची वखार आहे. म्हणजे समजलं. तरीही करणार. उद्या पहाटे पाचला सुरुवात.

४ बहमन
उठलो साडेआठला. बायकोनं, द्वारकानं, सहालाच बंब पेटवला होता. म्हणाली, पानी लई कडत झालंय, जाता का नाय. पण बाहेर वारं सुटलं होतं. गरम पाण्यातून निघून वाऱ्यात यायचं म्हणजे न्युमोनियाला आमंत्रण. पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवलं. दिवस पहिला.

७ बहमन
आंघोळ केली. तीन तांबे. गुडघ्यात स्पष्ट फरक. दिवस चौथा.

११ बहमन
सकाळी धूर फार, म्हणून पाणी पुन्हा राखून ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर बंब रिकामा. कालही रिकामा होता. द्वारकाला विचारलं तर म्हणाली, पानी वाया गेलं नाय एवढं खरं. हे उत्तर नव्हे. पण बायकांना चौकशीची रीत ठाऊक नसते.

१२ बहमन
कचेरीतून लाख आणली. जाण्यापूर्वी बंबाच्या झाकणाला दोरा गुंडाळून वर लाख टाकली, तिच्यावर माझ्या अंगठीचा छाप. सरकारी खजिन्यालाही एवढा बंदोबस्त नसेल. संध्याकाळी लाख ओघळून खाली, दोरा सुटलेला, पाणी गायब. माझं सील कोणीतरी तोडलं. आमच्या कचेरीत लाख हाताळणारे दोघंच, मी आणि सरदारखान.

१९ बहमन
सात दिवसांत पाच वेळा सील लावलं, पाचही वेळा तुटलं. सरदारखान हल्ली टवटवीत दिसतो. सकाळी केस ओले. विचारलं तर म्हणे तालमीत जातो. कोणती तालीम, हे सांगताना एक क्षण थांबला. मी नोंद करून ठेवली आहे.

द्वारका आज पापड वाळत घालायला गच्चीवर गेली. पूर्वी जिन्यात दोनदा टेकायची. आज सरळ वर. हल्ली झोपतेही गाढ, अगदी घोरते. असल्या गोष्टी इथं का लिहितो आहे कोण जाणे.

३ इस्फंदार
दिवस तिसावा. प्रत्यक्ष आंघोळी सहा. पण बंबाची वाफ घरभर फिरते आणि ती अंगाला लागतेच, तेव्हा हिशोब तीसचाच धरला. गुडघे मात्र कालपासून जास्त दुखतात. हकिमावर संशय होताच, आता वाढला.

६ इस्फंदार
तहसीलदारसाहेबांना अर्जी दिली. विषय: शेजारी सरदारखान याजकडून गरम पाण्याची चोरी व सील तोडणे. शेवटी नम्रपणे लिहिलं की असा माणूस गिरदावर होणं रयतेच्या हिताचं नाही. अर्जी उत्तम उतरली आहे. दोनदा वाचली.

१३ इस्फंदार
दिवस चाळिसावा. तहसीलदारसाहेबांचे पेशकार चांदपाशा दोन पंच घेऊन पंचनाम्याला घरी आले. सरदारखानही आला. सरकारी दफ्तर उर्दूत, आणि आमच्यात उर्दू हस्ताक्षर माझंच सुबक, म्हणून पंचनामा लिहायला मलाच बसवलं.

पेशकारांनी तापलेल्या बंबावर लाखेचा खडा ठेवला. तो पाचेक मिनिटांत ओघळला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, झाकणाचं राहू द्या, पाणी कुठं गेलं ते विचारा. पेशकारांनी तोटीकडे बोट दाखवलं. तोटीला मी सील लावलं नव्हतं.

मग दाराआडून द्वारकाची जबानी झाली. ती म्हणाली, पानी मीच घेत व्हते. हे टावेल खांद्यावर टाकून वारं बघायचे अन् कचेरीला जायचे. तापलेलं पानी काय मोरीत ओतू? माझे गुडघे सहा वर्सं धरलेत. मला कुनी हकिमाकडं नेलं नाय. हकीम यांना काय बोलला ते ऐकलं अन् मी केलं. आता जिना चढते, झोप लागते.

पेशकार म्हणाले, लिखो. मी तिचं मराठी उर्दूत करून लिहीत गेलो. सहा वर्षं, इथं लेखणी अडली. मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. फार लाज वाटली. सरदारखान खाली मान घालून बसला होता, हसलासुद्धा नाही. त्यानं हसायला हवं होतं.

१८ इस्फंदार
गिरदावराची जागा सरदारखानाला. सकाळी घोड्यावरून करमाडकडे फिरतीवर गेला. जाताना मला सलाम केला. त्या सलामात काही नव्हतं, मी नीट पाहिलं.

१९ इस्फंदार. पहाटे पाच.
आज खरोखर उठलो. टॉवेल घेऊन न्हाणीपाशी गेलो तर आतून कडी. दाराखालून वाफ येत होती. द्वारका म्हणाली, बसा जरा, अजून पाठ शेकायची हाय. उंबऱ्यावर बसलो. बराच वेळ बसलो. ती बाहेर आली आणि भिंतीला हात न लावता माझ्या बाजूनं गेली. माझ्यासाठी अर्धी बादली ठेवली होती. मला उठायला भिंत धरावी लागली. तोवर पाणी गार झालं होतं.