कोठीत उतरलेला माणूस

आबा, अखेर डबा घेतला. डबा म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही होतात तेव्हा माझ्याकडे साधा टेम्पोसुद्धा नव्हता. ट्रेलरच्या पुढच्या इंजिनाच्या भागाला आमच्या लाइनीत घोडा म्हणतात. तो बरीच वर्षं माझाच आहे, पण मागे जोडायचं ते नेहमी दुसऱ्याचं. आता मागे माझा स्वतःचा थंडीचा डबा आहे, आपल्या घरापेक्षा लांब, पुढच्या भिंतीला मशीन लावलेला. लोकांना वाटतं, मशीन चालू असलं की झालं. मशीन गारवा सोडतं, पण तो राखायचं काम भिंतींचं, आणि भिंती आतून कुजल्यात की धड आहेत ते बाहेरून कळत नाही. या धंद्यात एक खेप नासली की दुसरी कुणी देत नाही, आणि डबा घेताना एकदा चुकलं की घोडाही विकावा लागतो. महिनाभर मला धड झोप नव्हती. शेवटी तुमची सूनबाई वैतागून म्हणाली, "लग्नाच्या टायमाला मला तरी येवढं बघितलं होतं का वो?"

जिंतूर रोडच्या यार्डात दोन जुने डबे शेजारी शेजारी उभे होते. एक नवरदेवासारखा सजलेला, ताजा पांढरा रंग, टायर नवेकोरे. दुसरा मळका, एका अंगाला पोचा आलेला. मशीन दोन्हींचं चालत होतं, थंडीचा आकडाही दोन्हींवर बरोबर येत होता. माझं मन अर्थातच पांढऱ्यावर गेलं. खोटं कशाला बोलू, दारापुढे असा डबा उभा राहिला तर गाव काय म्हणेल, हेच मी आधी बघितलं. यार्डवाला म्हणाला, "आकडा बघा अन् घेऊन जावा. आत काय हाय बघण्यासारखं?" हे ऐकलं आणि मला सेलूचा बाजार आठवला.

मी अकरावीत आहे. तुम्ही जवारीसाठी पत्र्याची कोठी घ्यायला आलाय आणि कॉलेजातून मला बोलावून घेतलंय. दुकानदार पत्रा वाजवून दाखवतोय. तुम्ही टोपी काढून माझ्या हातात देता, धोतर खोचता आणि भर बाजारात त्या कोठीत उतरता. "झाकण लाव रे." मला हलता येत नाही, तेव्हा दुकानदारच झाकण लावतो. आतून तुमचा आवाज घुमतो, "दिसायलाय! खालच्या कोपऱ्यात उजेड दिसायलाय! दुसरी काढा!" सगळी गल्ली हसते. तुम्ही चार कोठ्यांत उतरलात आणि चौथी घेतलीत. मी मात्र दुसऱ्याच कोठीला टोपी तिथंच ठेवून समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो, कारण माझ्या वर्गातली पोरं तिथून बघत होती. परत येताना एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, "जितून उजेड शिरतो, तितूनच किडा बी शिरतो. लोक आज हसतेत अन् उद्या इसरतेत, पण सोंडे लागलेली जवारी वर्सभर खावी लागती." ती कोठी अजून घरात आहे. सूनबाई त्यात गहू ठेवते, आजवर एक सोंडा नाही.

तर आबा, मी त्या पांढऱ्या डब्यात चढलो आणि बरोबर आलेल्या सूनबाईला म्हणालो, बाहेरून दार लाव. आधी काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले तसे खालच्या कडेला एक, दोन, चार बारीक ठिपके उजळले. तिथली भिंत ठोकली तर आवाज बद्द, आणि ओल्या गोणपाटाचा वास. भिंतीच्या आतला गारवा राखणारा थर पाणी पिऊन बसला होता. मग त्या मळक्या डब्यात गेलो. दार लागलं आणि डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसेना. मी तिथंच उकिडवा बसलो. अंधार बघून जिवाला इतकं बरं वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बाहेरून सूनबाई दारावर थापा मारत होती, "हाव का वो, का झोपलाव आत?"

गुडघ्यांना धूळ माखून बाहेर आलो, तर चहा घेऊन आलेला यार्डातला माणूस मला म्हणाला, "डरायवर, तुमचे मालक कधी यायलेत मग?" सूनबाईनं पदर तोंडाला लावला. मीही हसलो, पण चहा तसाच खाली ठेवला.

मळकाच डबा घेतला. पहिली खेप आइसक्रीमची होती, नागपूरची, भर उन्हाळ्यात. उतरवणाऱ्यानं एक खोकं उघडून आतलं आइसक्रीम दाबून बघितलं आणि म्हणाला, "दगड हाय, दगड." मी गाडीच्या सावलीत बसून पोटभर जेवलो. महिन्याभरात पहिल्यांदा अन्नाला चव लागली. सुटलो, आबा.

आता राहिलेलं सांगतो. त्या दिवशी रसवंतीत एका पोरानं मला विचारलं होतं, "कोठीत उतरलेला त्यो माणूस कोण हाय रे?" आणि मी म्हणालो होतो, "आमच्याकडचा गडी हाय." बोललो आणि वळून बघितलं, तर तुम्ही मागेच उभे. देवगाव फाट्यावर उतरल्यावर तुम्ही कोठी डोक्यावर घेतलीत, मी हात लावायला गेलो, तर म्हणालात, "ऱ्हाऊ द्या मालक, गडी हाय की."

पुढे तुम्ही मला मालकच म्हणत राहिलात. आईला वाटायचं, लाडानं म्हणतात. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकायला माझा हात धजला नसता. त्या हाकेला मी शेवटपर्यंत ओ देत राहिलो, आबा. मालक म्हणू नका, एवढं काही एकदाही म्हणालो नाही.