सहा खिडक्या

अहो,

नमस्कार. साष्टांग नाही, नुसताच; राग अजून उतरलेला नाही.

मी सुखरूप पोचले. एकटीला गाडी बदलणं जमणार नाही म्हणाला होतात ना? दोनदा बदलली.

या डोंगरातल्या गावाबाहेर आगगाडीच्या एका जुन्या डब्याची राहायची खोली केली आहे. इंजिन नाही, पुढे रूळही नाहीत. तरी काल झोपताना मी सवयीने बॅग साखळीने बाकाला बांधून कुलूप लावलं! सकाळी चहा घेऊन आलेली मालकीण पोट धरून हसली. म्हणाली, "मावशी, पुढचं स्टेशन यायचं नाही हो!" मलाही हसू आवरेना.

तुमची प्रेशरची गोळी साखरेच्या बरणीमागे आहे. घेताय ना? गुडघा शेका. आणि कधी येतेस म्हणून फोन करू नका. मी अजून दोन दिवस राहणार आहे.

छत्तीस वर्षं प्रत्येक प्रवासात खिडकी तुमची आणि जेवणाची पिशवी माझ्या मांडीवर. इथे सहा खिडक्या आहेत. सकाळपासून सहाही ठिकाणी बसून झालं.

यावंसं वाटलं तर या. जागा भरपूर आहे. फक्त येताना जेवणाची पिशवी तुम्ही धरा, खिडकीशी मी बसणार.

तुमचीच, अजून तरी,
मी